टेबलातलं कापरं

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर नीट लिहिलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. सगळे त्यांना बुबुळकर म्हणत. कुणा गमत्या गिऱ्हाइकानं ठेवलेलं नाव, ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा तेच पुकारायचा. त्यांची बायको मग ओघानंच बुबुळकरीण झाली. तिनं सुरुवातीला नाक मुरडून बघितलं, पण ऐकतो कोण.

खोटे डोळे बनवायचे ते. अपघातात, आजारात ज्यांचा एक डोळा गेला, अशी माणसं मान खाली घालून त्यांच्या दारी यायची आणि काही आठवड्यांनी दोन डोळे घेऊन आरशात बघायची. दिसायचं एकाच डोळ्याला, पण समोरच्याला ते ओळखू यायचं नाही. बुबुळकर गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवायचे, त्याच्या चांगल्या डोळ्यात टक लावून बघायचे आणि इवल्याशा चकतीवर तसंच्या तसं बुबुळ रंगवायचे. लांबून काळंभोर दिसणाऱ्या डोळ्यात किती रंग असतात, हे त्यांच्याकडून ऐकावं.

बुबुळ त्यांचं, तर शिरा तिच्या. खऱ्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक लाल रेघा असतात ना, त्या लावायचं काम ती करायची. लाल रेशमाचा धागा उकलत उकलत केसाहून बारीक करायचा आणि चिमट्यानं अलगद चिकटवायचा. दोघं एकाच टेबलाला समोरासमोर बसायची. दोघांच्या डोळ्यांवर भिंगं आणि मध्ये दिवा. कामाचे नियम दोनच. हातातलं संपेपर्यंत मान वर करायची नाही, कारण नजर हलली की जागा चुकते. आणि पंखा लावायचा नाही, मग कितीही उकडू दे, कारण धागे उडतात. एवढ्या वर्षांच्या संसारात हे दोन नियम सोडले तर दोघांचं दुसऱ्या कशावर एकमत झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

आता मुख्य गोष्ट. बुबुळकरांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई घ्यायचे, आणि ती घेतल्यावर वेळेवर जेवायचं असतं एवढं साधं या गृहस्थांना कधी जमलं नाही. रंग वाळेपर्यंत थांबतो, एवढी कड पुरी करतो, आलोच, आलोच. जेवण लांबलं की रक्तातली साखर घसरायची, आणि घसरायला लागली की आधी त्यांचे हात कापायला लागायचे. त्यांना स्वतःला ते उशिरा कळायचं. टेबलाला लगेच कळायचं आणि टेबलाकडून तिला. तिचं मनगट लाकडावर टेकलेलं असायचं, त्यात ती बारीक थरथर यायची. मग ती चिमटा ठेवायची, खिडकीतल्या डब्यातली साखर पाण्यात ढवळायची आणि पेला त्यांच्या कोपराशी नेऊन ठेवायची. ते निमूट पिऊन टाकायचे. ना तिनं काही विचारायचं, ना त्यांनी काही सांगायचं.

लेक लग्न होऊन जवळच राहत होती. तिनं साखर तपासायचं मशीन आणून दिलं. बोटाला टोचायचं, थेंब लावायचा, आकडा बघायचा.

"तुझी आई आहे की," बुबुळकर म्हणाले. "ती बिघडत नाही. फक्त बडबडते."

"बाबा, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतोय? खरंच बडबडते."

मशीन ड्रॉवरमध्ये गेलं. बुबुळकरणीला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. जे काम आपलं मनगट करतंय, ते एखाद्या डबीनं का करावं?

वय वाढलं तसं दुसरं एक कापरं आलं. ते साखरेचं नव्हतं, ते वयाचं. ब्रश उचलला की हात हलायचा, खाली ठेवला की थांबायचा. तिला दोन्ही कापरी वेगळी कळायची, जसं आईला तान्ह्याचं भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगळं कळतं. पण काम बिघडायला लागलं. रेघ फाटायची. बुबुळकर चकतीमागून चकती फेकून द्यायचे आणि चिडायचे स्वतःवर, ओरडायचे तिच्यावर. घाऱ्या डोळ्यांचं काम तर त्यांनी सोडूनच दिलं. घाऱ्या बुबुळात राखाडी, पिवळा, हिरवा असे रंग एकात एक मिसळलेले असतात आणि त्यातली एकेक रेघ सुटी काढावी लागते. तशी गिऱ्हाइकं आली की ते दुसऱ्या कारागिराचा पत्ता द्यायचे आणि त्या दिवशी कोणाशी धड बोलायचे नाहीत. हा माणूस काम सुटलं तर जगायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जिवाला तोच घोर होता.

आणि मग छाती धडधडायला लागली. जिना चढले की ठोके मोजता येईनात. लेकीनं दोघांना ओढूनच नेलं हृदयाच्या डॉक्टरांकडे. ती बाहेर कागद भरत थांबली, ही दोघं आत गेली.

डॉक्टर तरुण होते, पण घाईतले नव्हते. सगळ्या तपासण्या नीट बघून त्यांनी एक गोळी लिहून दिली. म्हणाले, "याला बीटा-ब्लॉकर म्हणतात. ठोके आवरतं, रक्तदाब उतरवतं. हातपाय गार पडतील, थोडा थकवा येईल, कधीकधी चित्रविचित्र स्वप्नं पडतात. मनानं एकदम बंद करायची नाही, आणि सोबत दुसरं कुठलंही औषध घ्यायचं तर आधी मला विचारायचं." मग बुबुळकरांच्या हाताकडे बघून म्हणाले, "हे कापरंसुद्धा कमी होईल बहुतेक."

बुबुळकरांचा चेहरा असा उजळला की तिनं दुसरीकडे बघितलं. तिला भरून आलं होतं.

"तुम्ही इन्सुलिन घेता," डॉक्टर पुढे म्हणाले. "साखर कधी एकदम खाली जाते का? गरगरणं, बरळणं, शुद्ध हरपणं असलं काही?"

"छे. कधीच नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "नाही," तीही म्हणाली.

आणि यात खोटं काही नव्हतं हो. खरंच कधी गरगरलं नव्हतं, कधी बरळले नव्हते. इतक्या वर्षांत तिनं साखर तिथवर जाऊच दिली नव्हती. टेबलातून जी थरथर यायची तिला साखर खाली जाणं म्हणतात, हे त्या दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते त्यांच्या घरातलं रोजचं काम होतं, केर काढण्यासारखं.

"तरी मशीनवर बघत जा," डॉक्टर म्हणाले. "या गोळीनं साखर उतरल्याच्या काही खुणा झाकल्या जातात."

दोघांनी मान डोलावली. बुबुळकरांच्या डोक्यात तोवर घारे डोळे नाचायला लागले होते, आणि ती त्यांचं हसू बघण्यात गुंग होती. ते वाक्य घरी आलंच नाही.

गोळी लागू पडली. धडधड थांबली. पाय मात्र बर्फासारखे गार पडायचे आणि बुबुळकर पांघरुणात ते खुशाल तिच्या पोटऱ्यांना लावायचे. "हे लिहून दिलेलंच आहे डॉक्टरांनी," वर असंही म्हणायचे. स्वप्नं पडायची. एकदा म्हणे सगळी गिऱ्हाइकं डोळे परत करायला रांगेत उभी होती. तिनं विचारलं, मी होते का रांगेत? "तू कशाला रांगेत राहतेस? तू पुढे घुसून भांडत होतीस." नाडी इतकी सावकाश झाली की ती चिडवायची, तुमचं हृदय आता सरकारी कचेरीच्या चालीनं चालतंय.

आणि हात! हात असा स्थिर झाला की ते स्वतःच बघत राहिले. त्यांनी ब्रश उचलला आणि एक रेघ ओढली, मग तिच्या शेजारी दुसरी. दोन्ही जिथल्या तिथे होत्या. त्यांनी ती चकती तिच्यापुढे सरकवली. तिनं भिंगातून बघितली आणि पदर डोळ्याला लावला. त्या संध्याकाळी दोघं बाहेर फिरायला गेली. किती दिवसांनी.

टेबल गप्प झालं. वयाचं कापरं गेलं तसं साखरेचंही गेलं. तिचं मनगट पूर्वीसारखंच लाकडावर टेकलेलं असायचं, पण त्यात काही यायचंच नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, चला, एका गोळीनं सगळंच मार्गी लागलं, साखरसुद्धा सुधारली. खिडकीतला साखरेचा डबा तिनं उचलून स्वयंपाकघरात नेला, कारण तिथं उगाच मुंग्या व्हायच्या.

अशातच तिकिटाच्या खिडकीवर बसणारी मुलगी आली. दिवसभर लोकांना तोंड द्यायची तिची नोकरी, आणि एक डोळा गेलेला. उरलेला घारा, असा घारा की उन्हात सोनेरी आणि सावलीत राखाडी. "लोक पैसे देतात आणि माझ्याकडे न बघता सुट्टे उचलतात," ती म्हणाली. बुबुळकरांनी तिला खिडकीशी बसवलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बघतील. बघायला लागतील."

त्या डोळ्यासाठी ते जे काही झटले. थरावर थर, रेघेवर रेघ. शेवटची कड तेवढी राहिली होती, त्या सकाळी ते बसले. सुई घेतली होती. न्याहारी अर्धी टाकून उठले.

"जेवायला हाक मारू नकोस," म्हणाले. "ही कड एका बैठकीत झाली पाहिजे, नाहीतर जोड दिसतो."

"बरं बाबा, नाही मारत."

ती समोर बसली, आपल्या शिरा लावायला. उकाडा मी म्हणत होता. दुपार झाली, ती टळायला आली. टेबल शांत होतं. मध्येच तिच्यापुढे टप असा थेंब पडला. नियम मोडून तिनं मान वर केली. बुबुळकरांच्या कपाळावरून, कानामागून घामाच्या धारा लागल्या होत्या. सदरा पाठीला चिकटला होता. आणि हात? हात दगडासारखा स्थिर, ब्रश बुबुळाच्या कडेवर.

"अहो, किती घामाघूम झालात. थोडं थांबता का?"

"थांबा बाई, होत आलंय," ते म्हणाले. मान वर केली नाही.

तिला हसू आलं. लहर लागली की ते तिला असंच परक्या बाईसारखं अहो-जाहो करायचे. स्वारी खुशीत आहे, तिला वाटलं. हात इतका छान चाललाय, त्यांना उठवायचं तरी कशाला? पण त्या घामानं तिचा जीव कळवळला. मग तिनं आपल्यापुढचा, अर्ध्याच शिरा लावलेला डोळा उचलून डबीत ठेवला, उकललेलं रेशीम फडक्याखाली झाकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळी त्या खोलीतला पंखा लावला.

वारा सुटला. ते हूं की चूं बोलले नाहीत. तिनं बघितलं, कपाळावरचा घाम हळूहळू वाळत होता. आता आपलं इथं काही काम नाही म्हणून ती दार ओढून घेऊन आत गेली, आणि पोळी-भाजी झाकून ठेवून वाट बघत बसली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. बाहेरच्या खोलीत पंखा फिरत होता. बुबुळकर टेबलावर डोकं टेकून होते, ब्रश बोटांत. ती म्हणाली, "अहो." मग पुन्हा म्हणाली. मग तिनं त्यांना हलवलं.

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या शिरेतून साखर चढवली. आकडा वर आला, पण बुबुळकर आले नाहीत. डोळे उघडे होते, छताकडे. हृदयाचे डॉक्टरही धावत आले. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

"साखर फार वेळ खाली राहिली," ते म्हणाले. "मेंदूला झळ पोचलीय. किती, ते आत्ता सांगता येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काहीच जाणवलं नाही का?"

"हात कापत नव्हता," ती म्हणाली. "जेवण लांबलं की त्यांचा हात कापतो. टेबलातून येतं मला. आलंच नाही."

डॉक्टरांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "म्हणजे साखर आधीही उतरायची? नेहमी?"

"उतरायची नाही हो. कापरं आलं की मी साखर द्यायची."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मग हळू आवाजात समजावून सांगितलं. ही गोळी कापरं झाकते. धडधड झाकते. साखर उतरली तरी शरीराला ओरडता येत नाही. "एक घाम तेवढा ती झाकत नाही," ते म्हणाले. "घाम येतोच. घाम आला होता का त्यांना?"

लेक भिंतीशी उभी होती. तिनं आईकडे बघितलं.

"आला होता," बुबुळकरीण म्हणाली. "मी पंखा लावला."

लेकीनं तिला मिठीत घेतलं, आई, तुला काय ठाऊक, तुला काय ठाऊक, असं म्हणत राहिली. पण ती रडली नाही. तिला त्या क्षणी एवढंच वाटत होतं की कोणीतरी आपल्याला जोरात मारावं. जो घाम त्यांच्यासाठी हाका मारत होता, तो आपण मायेनं वाळवला. हे दुःख कुठं ठेवायचं, ते तिला आजवर कळलेलं नाही.

घरी आली तेव्हा टेबल तसंच होतं. तिनं भिंग लावलं आणि ती घारी चकती बघितली. तीन भाग कड अशी उतरली होती की त्यांच्या हातूनही तसं काम कधी झालं नव्हतं. चौथ्या भागात रेघ वळायची सोडून सरळ गेली होती. चकतीवरून उतरून लाकडावर आली होती आणि टेबलावरून वीतभर तशीच पुढे गेली होती, राखाडी, केसाइतकी बारीक. कुठंही हललेली नव्हती.

तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीला तिनं दुसऱ्या कारागिराचा पत्ता दिला. मुलगी म्हणाली, "मी थांबते. काका बरे होऊ देत." तेव्हा ती रडली, उंबऱ्यात उभी राहून, परक्या मुलीपुढे.

बुबुळकर घरी आले ते चालत आले, लेकीचा हात धरून. खातात, पितात, सांगितलं की बसतात. बोलतात अगदी गोड. पूर्वी कधी इतके गोड बोलल्याचं तिला आठवत नाही. लेकीला ते नर्स समजतात. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी करत थांबवली आणि दुसरी दिली. जेवण वेळेवर होतं, कारण आता ते आलोच म्हणत नाहीत. मशीन ड्रॉवरमधून बाहेर आलंय.

सकाळी ती त्यांना टेबलाशी त्यांच्या जागी बसवते आणि स्वतः समोर बसते. आणि मग एके दिवशी बुबुळकर टेबलावर बोट फिरवत असताना तिच्या टेकलेल्या मनगटात ते आलं. बारीक थरथर, लाकडातून थेट हाडात. कुठलं कापरं, हे ओळखायलाही न थांबता ती उठली तीच धावत. साखर पाण्यात ढवळली, अर्धी सांडली, पेला त्यांच्या ओठाला लावला. मग भानावर येऊन मशीन घेतलं, बोटाला टोचलं. साखर अगदी ठीक होती. जुन्या गोळीनं झाकून ठेवलेलं वयाचं कापरं तेवढं परत आलं होतं. बुबुळकरांनी तिच्याकडे बघत शहाण्या मुलासारखं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"छान होतं," ते म्हणाले. "तुम्ही फार करता हो माझं."

आता ती शिरा लावत नाही. रेशीम, चिमटे, सगळं कपाटात ठेवून दिलंय. भिंगही नाही. ती त्यांच्यासमोर बसते आणि नुसती त्यांच्या तोंडाकडे बघते. इतकी वर्षं समोर बसून जे बघितलं नव्हतं, ते सगळं बघून झालं. भुवईतला पांढरा केस, हनुवटीवरचा कापल्याचा वण. ते त्या राखाडी रेघेवरून बोट फिरवत बसतात. बोट कापत असतं. रेघ पुसली जाऊ नये म्हणून ती टेबल पुसताना तेवढी जागा सोडते.

परवा फार उकडत होतं.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "रागावू नका, पण तुम्ही सारखं माझ्याकडे काय बघता?"

"काही नाही. घाम आलाय का, बघते."

त्यांनी कपाळावर हात फिरवला आणि ओली बोटं तिला दाखवली. "आलाय की. मग पंखा लावा ना जरा."

तिनं त्यांचं बोट धरलं, मशीन जवळ ओढलं.

"पंखा नको."

"का हो?"

"धागे उडतात," ती म्हणाली.

बुबुळकरांनी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं. त्यावर धागा एकही नव्हता. तरी त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि आपलं बोट तिच्या हातात तसंच राहू दिलं.